साहेबांचा मोकळा रस्ता

"या रस्त्यावरच्या कोंडीनं आमचं निम्मं आयुष्य खाल्लंय!" सुनावणीत गार्गी कडाडली. पळसगावाहून शहरापर्यंत रोजची रेल्वे हवी, हा तिचा प्रस्ताव आज फेटाळला गेला तर कायमचा बारगळणार होता.

मंत्री भाऊसाहेब गोंधळले. "कोंडी? कुठाय कोंडी? मी तर आत्ता त्याच रस्त्यानं वाऱ्यासारखा आलो, बाळ."

गार्गीही चक्रावली. ती स्वतः त्याच रस्त्यावर तासभर अडकली होती. मग खिडकीबाहेर भाऊसाहेबांच्या गाडीपुढे उभी असलेली पोलिसांची गाडी तिला दिसली.

"खरंय, साहेब. रेल्वे राहू द्या. रोज सकाळी तुमचा ताफा तेवढा आमच्यापुढे पाठवा, आम्ही मागोमाग येतो."

सभागृहात हशा पिकला. भाऊसाहेबांना कळेना, लोक कशाला हसताहेत.

दारातून त्यांच्या ड्रायव्हरनं हळूच विचारलं, "साहेब, परत जाताना पोलिसांची गाडी नको म्हणून सांगू का?"