एका काचेत मावलेलं आभाळ

ढगांच्याही वर, डोंगरमाथ्यांवर वसलेला एक मुलूख होता. तिथल्या दऱ्या बाराही महिने धुक्याने भरलेल्या असायच्या आणि माथे त्यातून बेटांसारखे वर आलेले दिसायचे. या माथ्यावरून त्या माथ्यावर जायला पायवाट होती, पण ती फार लांबची; दूरच्या माथ्याला तर दोन-तीन महिने लागायचे. नाहीतर केरबाचं छोटं विमान. औषधं, बियाणं, नव्या नवऱ्या, सगळं तो त्या पांढऱ्या शांततेतून अलगद नेऊन पोचवायचा.

विमानात त्याच्यासमोर एका फळीवर गोल तबकड्या होत्या. एक उंची सांगायची, एक वेग, एक दिशा. एखादी रुसली तर केरबा तेवढीच काढायचा आणि पायथ्याच्या शहरातून दुरुस्त करून आणायचा.

एकदा त्या शहरातून एक व्यापारी काच घेऊन आला. काच कसली, आभाळच ते. उंची, वेग, वारा, सगळं तिच्यात एकत्र उमटायचं. धुक्याखालच्या दऱ्या हिरव्या रेघांनी उजळायच्या आणि त्यांच्यावरून केरबाचं विमान चांदणीसारखं सरकायचं. केरबा हरखून गेला. जन्मभर ज्या दऱ्यांवरून उडला, त्या त्याला पहिल्यांदा दिसत होत्या. त्याला तरी काय बोल लावायचा?

त्याची बायको सारजा मात्र काचेकडे न बघता व्यापाऱ्याकडे बघत होती. तिने विचारलं, "यातलं एखादं बंद पडलं, तर तेवढंच बदलून मिळतं का?"

"वहिनी, ही बंद पडतच नाही," व्यापारी गोड हसला.

"मी ते नाही विचारलं."

केरबाला चारचौघांत ओशाळल्यासारखं झालं. "सारजे, चांगल्या कामात फाटे फोडू नकोस," तो म्हणाला.

फळी कापून काच बसली. त्या मुलखाची एक रीत होती: विमानात नवं काही बसवलं, की जुनं वर्षभर माळ्यावर सांभाळायचं. केरबाने रीत पाळली. वर्ष सरलं, काच झकास चालली आणि तबकड्या मोडीत गेल्या. रीत पाळली म्हणजे विचार केला, असं त्याला वाटलं.

पुढची कितीतरी वर्षं स्वप्नासारखी गेली. केरबाची लेक हौसा लांबच्या माथ्यावर नांदायला गेली, तिला दिवस गेले. "आबा, सातव्यात न्यायला या," तिने सांगून ठेवलं. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं होतं.

निघायचं ठरलं आणि काचेचा नखाएवढा कोपरा विझला. नेमका उंची सांगणारा. बाकीची काच तशीच लखलखत होती. पण धुक्यात उंची कळत नसताना पोटुशी लेक विमानात बसवायची कशी?

तो डोंगर उतरून व्यापाऱ्याकडे गेला. "शेठ, एवढा कोपरा बदलून द्या."

"कोपरा वेगळा नसतो, दादा. सगळं एकाच काचेत आहे, म्हणून तर तुम्हाला आवडली होती. आणि ही काच आता कुणी बनवत नाही. नवी घ्या. तिला तारा नव्या लागतील, फळीही."

"मग जुन्यासारखी एखादी तबकडी तरी बसवून द्या."

"बसवू कुठे? फळीत जागा ठेवलीत का?"

केरबाने नव्या काचेची किंमत विचारली. काच घ्यायची, तर विमान विकावं लागणार होतं.

डिंकाच्या लाडवांची परडी डोक्यावर घेऊन सारजा पायवाटेने निघाली आणि केरबा तिच्या मागे चालू लागला. दोघं पोचले तेव्हा बाळाचं बारसंही उरकलं होतं.

हौसाने बाळ आईच्या मांडीवर दिलं. मग बापाकडे वळून म्हणाली, "आबा, मी रोज आभाळाकडे बघत होते."



तात्पर्य: वस्तू उजळलेली असताना काय काय दाखवते, एवढंच पाहून भुलू नये. तिचा एक कोपरा विझला तर आपल्या हाती काय उरेल, हे घेण्याआधी विचारावं. आणि दुसऱ्या कुणी विचारलं, तर त्याला गप्प करू नये.