दात माझा टिकेना

माणसं अजून यायची होती. गाई यायच्या होत्या. भाकरी कशाशी खातात, हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हाची ही गोष्ट.

एक होतं जंगल. ओलंगच्च! जंगलात राहायची खुडबुडी उंदरीण. इवलीशी. शेपटी मात्र ही एवढी! ती खायची मऊ मऊ उंबरं. गट्टम!

मग पाऊस कमी झाला. थोडा कमी. अजून थोडा कमी. झाडं म्हणाली, "इथे काही आमचं जमत नाही बाई. आम्ही चाललो. तूही चल गं."

खुडबुडी म्हणाली, "मी? मी कुठ्ठे जात नाही. हे घर माझं."

झाडं गेली. उंबरं गेली. आलं गवत. इकडे गवत, तिकडे गवत. सळसळ सळसळ!

खुडबुडीच्या पोटाला तीन पिलं लटकलेली. चीं चीं चीं! पिलांना हवं दूध. दुधासाठी आईला हवा घास. मग खुडबुडीने गवत तोडलं. चावलं.

कुर्रर्र... टच्!

दाताचं टोकच तुटलं! गवत कसलं ते! कडक कडक, वाळूसारखं करकरीत. खुडबुडीला रडू आलं. एकच थेंब आला. तो तिने पुसला. गवताची काडी दातात धरली आणि निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु. चीं चीं चीं!

"गवतदादा, गवतदादा, मऊ हो ना! दात माझा टिकेना. खाऊ काय मी, खाऊ काय?"

गवत म्हणालं, "होईन की! पण आधी मातीला सांग. ती भिजली, की मी मऊ."

तुरुतुरु तुरुतुरु. चीं चीं चीं!

"मातीमावशी, मातीमावशी, भिज ना! गवत मऊ होईना, दात माझा टिकेना. खाऊ काय मी, खाऊ काय?"

माती म्हणाली, "भिजेन की! पण आधी ढगाला सांग. तो बरसला, की मी ओली."

ढग बसला होता टेकडीच्या डोक्यावर. खुडबुडी टेकडी चढली. तुरुतुरु तुरुतुरु. चीं चीं चीं!

"ढगमामा, ढगमामा, बरस ना! माती भिजेना, गवत मऊ होईना, दात माझा टिकेना. खाऊ काय मी, खाऊ काय?"

ढग म्हणाला, "बरसेन की! पण आधी वाऱ्याला सांग. तो सुटला, की मी बरसलो."

वारा झोपला होता खिंडीत. घुर्रर्र! घुर्रर्र! खुडबुडीने त्याच्या कानाशी जाऊन हाक मारली.

"वारेबुवा, वारेबुवा, सुटा ना! ढग बरसेना, माती भिजेना, गवत मऊ होईना, दात माझा टिकेना. खाऊ काय मी, खाऊ काय?"

वारा म्हणाला, "सुटेन की! पण आधी समुद्राला सांग. तो तापला, की मी सुटलो." आणि पुन्हा घुर्रर्र!

समुद्र किती लांब? लांब म्हणजे लांब! पण गोष्टीत पाय दुखत नाहीत. तुरुतुरु तुरुतुरु. चीं चीं चीं!

"समुद्रतात्या, समुद्रतात्या, तापा ना! वारा सुटेना, ढग बरसेना, माती भिजेना, गवत मऊ होईना, दात माझा टिकेना. खाऊ काय मी, खाऊ काय?"

समुद्र थंडीने कुडकुडत होता. तो म्हणाला, "ता-ता-तापेन की! पण आधी ब-ब-बर्फाला सांग. तो हलला, की मी गरम."

बर्फ बसला होता जगाच्या टोकाला. पांढरा पांढरा, मोठ्ठा मोठ्ठा. खुडबुडी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बर्फोबा, बर्फोबा, हल ना! समुद्र तापेना, वारा सुटेना, ढग बरसेना, माती भिजेना, गवत मऊ होईना, दात माझा टिकेना. खाऊ काय मी, खाऊ काय?"

बर्फ हसला. हो हो हो! "दाती तृण धरून आलीस? म्हणजे शरण आलीस. हरलीस!"

"हरले? छे!" खुडबुडी म्हणाली. "हे जेवण आहे माझं!"

बर्फ म्हणाला, "मी नाही हलणार. आत्ताच तर बसलोय. लाख वर्षं बसणार. जा, हवं त्याला सांग."

खुडबुडीने शेपटी आपटली. फट्! गवताला सांगून झालं. मातीला सांगून झालं. ढगाला, वाऱ्याला, समुद्राला, बर्फाला सांगून झालं. आता राहिलं कोण? इतक्यात जिभेला काहीतरी टोचलं.

"अगं बाई! दाताला तर मी सांगितलंच नाही!"

"दाता, दाता, वाढ ना! बर्फ हलेना, समुद्र तापेना, वारा सुटेना, ढग बरसेना, माती भिजेना, गवत मऊ होईना, दात माझा टिकेना. खाऊ काय मी, खाऊ काय?"

दात म्हणाला, "वाढेन की! पण आधी तू चाव. तू चावलंस, की मी वाढलो."

"चावेन की! पण आधी तू वाढ. तू वाढलास, की मी चावते."

"आधी तू!"

"आधी तू!"

"आधी तू!"

"आधी तू!"

चीं चीं चीं! पिलांचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

खुडबुडी म्हणाली, "पुरे! आधीबिधी काही नाही. दोघं एकदम! एक... दोन... तीन!"

तिने चावलं. दात वाढला. कुर्रर्र! झिजला, तेवढा वाढला. कुर्रर्र! पुन्हा झिजला, पुन्हा वाढला. कुर्रर्र कुर्रर्र कुर्रर्र!

काडी संपली. घास पोटात गेला. दूध आलं. पिलं प्यायली. चुटुचुटु चुटुचुटु. चीं चीं थांबलं.

मग खुडबुडी ताठ मानेने परत निघाली.

"बर्फोबा, बस खुशाल!
समुद्रतात्या, राहा गार!
वारेबुवा, झोपा!
ढगमामा, नको बरसूस!
मातीमावशी, राहा कोरडी!
गवतदादा, राहा कडक! दात माझा वाढतो, दात माझा टिकतो. खाऊ काय मी? खाऊ तुलाच!"

"अगं अगं अगं!" गवत म्हणालं.

कुर्रर्र!

पिलं मोठी झाली. पिलांना पिलं झाली. पिलांच्या पिलांना पिलं झाली. त्यांचे दात थोडे उंच, अजून थोडे उंच. सगळा माळ त्यांचा झाला. उंदराचा दात अजूनही वाढतोच आहे. आधी दात वाढतो, की आधी उंदीर चावतो? विचारून बघा. तो काही सांगणार नाही. त्याचं तोंड भरलेलं असतं.

घास गेला पोटात, गोष्ट राहिली ओठांत. कुर्रर्र!