साहेबांनी रस्सा वाढला

“बाबा, एकदा मोडलेली गोष्ट परत आपोआप जुळते कशी?”

मुर्तुजाबाबा फकिरांच्या तकियाच्या ओसरीत बसून ताटं पुसत होते. मान वर केली नाही.

“काय मोडलं होतं, साहेब?”

विचारणारे सबनीस साहेब. टेलिफोनच्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सगळे फोन एकाच सरकारी खात्याच्या मुठीत होते, तेव्हा ती मूठ उघडायचा हुकूम यांच्याच हातून निघाला. ही गोष्ट ते भेटेल त्याला, न विचारता सांगत.

“मक्तेदारी मोडली, बाबा. आधी काय होतं? पोरगी पाळण्यात असताना फोनला नंबर लावायचा, आणि तिची सोयरीक जमली तरी घरात घंटी नाही. मी सगळं खुलं केलं. आठ-दहा कंपन्या आल्या. भाजीवालीच्या कमरेला फोन आला!”

“चांगलं केलं. आमच्या पंगतीला येणाऱ्या हौसाच्या लेकराला तापात झटका आला, तेव्हा फोन होता म्हणूनच गाडी आली.”

“आणि आता विचारा तिला. रिचार्ज परवडत नाही म्हणून तो फोन फळीवर पडलाय. दुसऱ्या कंपनीकडे जावं, तर तिथंही तोच भाव.”

“असं का झालं?”

“मोठ्यांनी धाकट्यांना गिळलं. कुणी बुडालं, कुणी पळालं. उरल्या दोन, आणि त्याही आता एक व्हायला निघाल्यात. उद्या शहरात सुनावणी आहे. हरकत घ्यायला मला बोलावलंय.”

“मग?”

“जाणार नाही. माझं काम मी केलं, चोख केलं. पुढच्यांना सांभाळता आलं नाही, त्याला मी काय करू?”

साहेबांचा आवाज चढला होता. तो खाली आला.

“…का जाऊ मी, बाबा?”

अंगणात गुरुवारची पंगत बसली होती. बाबांनी रश्शाची बादली आणि पळी साहेबांच्या हातात दिली.

“वाढा.”

साहेबांनी पळी पार तळापर्यंत घातली, रस्सा झकास ढवळला आणि निघाले. पहिली ताटं छान वाढली गेली. मध्ये एक जुने ओळखीचे निघाले. साहेबांनी बादली खाली ठेवली आणि मूठ उघडल्याची गोष्ट त्यांना सगळी सांगितली. मग न ढवळताच वरवरच्या पळ्या भरत पुढे सरकले. मधल्या ताटांत नुसती वर तरंगणारी लाल तर्री.

शेवटच्या ताटावर हौसा बसली होती, लेकरू मांडीवर घेऊन.

“अवो साहेब, त्यांच्या ताटात तर्री अन् माझ्या ताटात पाणी? मी काय सावत्र हाय?”

“बाई, मी नीट ढवळलं होतं!”

“कवा?”

“निघताना.”

सगळी पंगत हसली. हौसा नाही हसली. तिनं ताट तसंच पुढे धरून ठेवलं.

बाबांनी दुसरी भरलेली बादली आणून ठेवली. साहेबांनी ढवळलं आणि हौसाला वाढलं. आता तिच्या ताटात सगळं होतं, तर्रीही आणि फोडीही. लेकरानं बोट बुडवलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी रस्सा मागितला. साहेब वळले आणि बादलीत बघत थांबले. लाल थेंब सरकत सरकत एकमेकांना चिकटत होते…

“बाबा, हे तर परत जमलं!”

“जमणारच.”

“म्हणजे दर ताटाला ढवळायचं?”

बाबांनी बादलीतल्या पळीकडे बोट केलं.

“माझं वय झालं, बाबा. हात भरून येतात. मी कुठवर ढवळत राहायचं?”

बाबांनी पंगतीवरून एकदा नजर फिरवली.

“पंगत उठेपर्यंत.”