खडखड गाडी आणि खारीचा बदाम

ऐका हं. सावकाश सांगतो. घाई खारीला आहे, आपल्याला नाही.

एक होतं बदामाचं झाड. झाडावर एक चिमुकली खार. झाडाखाली लिंबाजीकाकांची निळी गाडी.

गाडी चालूच होती. धडधड धडधड. बाजाराला जायचं होतं, घाट चढून. माणसं भरायची होती.

खारीनं त्या दिवशी पहिल्यांदा बदाम तोडला. स्वतः तोडला. आणि सटकला की हो हातातून. टप्प. गाडीच्या तोंडाला जाळी असते ना? तिच्यातून आत गेला. आत होता पंखा.

खडखड खडखड.

मागच्या सीटवर वेणूआत्या बसली होती. ती म्हणाली, "लिंबाजी, गाडी खडखडतेय रे."

"खडखडणारच, आत्या. म्हातारी झाली. बोलते ती."

खार आली खाली. तुरुतुरु तुरुतुरु. गाडी घाटात गेली की बदामही गेला. खारीला धीर कुठला?

ती जाळीपाशी गेली.
"पंख्या पंख्या, माझा बदाम दे."

पंखा म्हणाला, "नाही देणार. मला धड फिरता येईना, धड थांबता येईना. इंजिन थांबलं तर देईन."

खार बॉनेटवर चढली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय भाजले, तशी एकेक उचलायला लागली.
"इंजिना इंजिना, थांब की.
पंखा बदाम देईना.
मला माझा बदाम हवा."

इंजिन म्हणालं, "नाही थांबणार. मला गरम होतंय, फार गरम होतंय. पण काकांनी किल्ली फिरवली तरच थांबेन."

खार गेली खिडकीपाशी. तुरुतुरु तुरुतुरु.
"काका काका, किल्ली फिरवा.
इंजिन थांबेना,
पंखा बदाम देईना.
मला माझा बदाम हवा."

काका म्हणाले, "नाही फिरवणार. बंद केली की ही लवकर सुरू होत नाही. ढकलावी लागते. काही बिघडलं तर लाल दिवा लागतो. दिवा दिसला तर फिरवीन. कुठाय दिवा?"

दिवा होता काकांच्या समोरच. हातातल्या चाकाच्या मागे. खार खिडकीतून आत गेली. तुरुतुरु तुरुतुरु.
"दिव्या दिव्या, काकांना दिस.
काका किल्ली फिरवेनात,
इंजिन थांबेना,
पंखा बदाम देईना.
मला माझा बदाम हवा."

दिवा म्हणाला, "अगं, मी कधीचा लागलोय. लुकलुक लुकलुक. पण माझ्यावर झेंडूची माळ आलीय. माळ हटली तर दिसेन."

वर बाप्पा बसले होते छोटेसे. त्यांच्या गळ्यात माळ. ही लांब. पार खाली आलेली. खार गेली माळेपाशी.
"माळे माळे, बाजूला हट.
दिवा दिसेना,
काका किल्ली फिरवेनात,
इंजिन थांबेना,
पंखा बदाम देईना.
मला माझा बदाम हवा."

माळ म्हणाली, "नाही हटणार. मला का पाय आहेत? मी कालची, सुकत आले. शेळीनं ओढलं तर हटेन."

शेळी होती वेणूआत्याची. झाडाला बांधलेली. खार आली तिच्यापाशी. तुरुतुरु तुरुतुरु.
"शेळी शेळी, माळ ओढ.
माळ हटेना,
दिवा दिसेना,
काका किल्ली फिरवेनात,
इंजिन थांबेना,
पंखा बदाम देईना.
मला माझा बदाम हवा."

शेळी म्हणाली, "नाही ओढणार. वास तर मला कधीचा येतोय. पण गळ्यात दोरी आहे. दोरी सुटली तर ओढीन."

तेवढ्यात काकांनी हॉर्न दिला. पँ पँ. "चला, बसा पटापट. निघायचं."

खारीची शेपटी थरथरली. आता काय? ती दोरीपाशी गेली.
"दोरी दोरी, लवकर सूट.
शेळी ओढेना,
माळ हटेना,
दिवा दिसेना,
काका किल्ली फिरवेनात,
इंजिन थांबेना,
पंखा बदाम देईना.
मला माझा बदाम हवा."

दोरी म्हणाली, "नाही सुटणार. आत्याची गाठ आहे. कुणी कुरतडलं तर सुटेन."

"कोण कुरतडेल?"

"ज्याचे दात बारीक असतील तो."

खारीनं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. मग स्वतःच्या दातांवरून जीभ फिरवली.

"अगं बाई. मीच की."

कुरतड कुरतड. कुरतड कुरतड.
दोरी सुटली.
शेळी धावली, मान खिडकीत घातली.
"अगं ए, अगं ए," काका म्हणाले. शेळीनं माळ ओढली.
माळ हटली.
दिवा दिसला. लालेलाल. लुकलुक लुकलुक.
काकांनी किल्ली फिरवली.
इंजिन थांबलं.
पंखा थांबला.

काकांनी बॉनेट उघडलं. भस्स. केवढी वाफ.

खार उडी घेणार, तोच काका म्हणाले, "थांब. कुणी हात लावायचा नाही. गरम आहे. आधी निवू दे."

आली का पंचाईत? खारीला थांबायचं ठाऊक नव्हतं. ती दगडावर बसली. उठली. बसली. शेपटी फटफट, फटफट.

काका पण बसले. आत्या बसली. शेळी माळ चघळत बसली.

इंजिन निवायला लागलं. निवताना ते बोलतं, हळू हळू.
टिक. टिक.
टिक... टिक...
टिक...... टिक......

खारीची शेपटीही हळू झाली. फट... फट...... मग थांबली.

"आता बघू," काका म्हणाले. त्यांनी फडकं घेतलं, आत हात घातला आणि बदाम काढला. "हे बघा, आत्या. खडखड इथं बसली होती."

आत्या म्हणाली, "म्हातारी बोलते म्हणालास ना? मग ऐकायचं तिचं."

काकांनी मान खाली घातली. बदाम दगडावर ठेवला. "घे गं. तुझाच."

गाडीला पाणी पाजलं. गटगट गटगट. आत्यानं तुटक्या दोरीला गाठ मारली. शेळी आत बसली. सगळ्यांनी ढकललं. हुश्श. हुश्श.
घुर्रर्र.
खडखड नाही. लाल दिवाही नाही.

"उद्या बाप्पांना नवी माळ," काका म्हणाले. "पण आखूड."

गाडी घाटाला लागली. खार झाडावर बसली.
कुटूर कुटूर, कुटूर कुटूर. बदाम फुटला.

इंजिन निवलं, खार निवली.
आता तुम्हीपण निवा.