द्वारकावहिनींचं उरलेलं वाक्य

आमच्या शेजारच्या गावात एक भोळा नवरा होता. नाव भागाजी. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तिथेच सगळा घोटाळा व्हायचा.

त्याची बायको यमुना आणि पलीकडच्या घरातली द्वारका यांची बारा वर्षांची मैत्री. उडदाचे पापड दोघी सावडीने करायच्या, आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. संध्याकाळची मालिकाही एकत्रच बघायच्या. त्या मालिकेतल्या दोन मैत्रिणींचा अबोला झाला. चूक कुणाची, यावरून यमुना आणि द्वारकेचं वाजलं, आणि इथेही अबोला झाला.

पण मालिकेतल्या बायका पैठणी नेसून स्वयंपाकघरात नुसत्या उभ्या असतात. त्यांना पीठ मळावं लागत नाही, म्हणून त्यांचा अबोला सहा सहा महिने टिकतो. यमुनेने तर पाच किलो पीठ मळून ठेवलं होतं. आजच्या आज लाटलं नाही तर त्याचा दगड होणार. शिवाय आठ दिवस द्वारकेशी बोलली नव्हती, त्याने तिला अन्न गोड लागत नव्हतं.

आपण होऊन जायचं म्हणजे कमीपणा. तिने भागाजीला पाठवलं.

"वहिनींना बोलावून आणा. पण एकदम बोलू नका. मालिकेत करतात तसं, आधी चेहरा नीट बघा."

भागाजी गेला. द्वारका कांदा चिरत होती. त्याने तिचा चेहरा उजवीकडून पाहिला. डावीकडून पाहिला. मग समोरून पाहिला. मालिकेत यानंतर जाहिराती लागतात, म्हणून तो घरी आला.

काय दिसलं, असं यमुनेने विचारलं. डोळ्यांत पाणी दिसलं, असं तो म्हणाला. यमुनेचा जीव कळवळला.

"आणि तुम्ही तसेच उठून आलात? डोळ्यांत पाणी दिसलं की जवळ बसावं. म्हणावं, रडून घ्या, मन मोकळं होईल."

भागाजी पुन्हा गेला. द्वारका आत होती. ओसरीवर तिची सासू बसली होती. डोळ्यांत नुकतंच औषध घातलेलं, ते गालावर ओघळत होतं. भागाजी जवळ बसला.

"रडून घ्या काकू, मन मोकळं होईल."

"का रे बाबा, कोण गेलं?" म्हातारीने विचारलं.

त्यावर काय बोलायचं ते यमुनेने सांगितलं नव्हतं. भागाजी गप्प बसला. म्हातारी काय समजायचं ते समजली आणि तिने माहेरच्या एकेकाचं नाव घेऊन हंबरडा फोडला. द्वारकेने भागाजीला हाकलून दिलं.

यमुनेने कपाळावर हात मारला. "सगळं एकदम बोलून टाकायचं नसतं हो. रोज मालिका बघता ना? ऐन रंगात आलं की थांबतात, उरलेलं दुसऱ्या दिवशी. आता तिथे बोलूच नका. दाराआड उभे राहा, ती काय म्हणते ते ऐका आणि मला सांगा."

भागाजी दाराआड उभा राहिला. द्वारका सासूशी बोलत होती. त्याने शब्दन् शब्द ऐकला आणि परत आला.

"वहिनी म्हणाल्या, यमुनेने नुसती हाक मारली तर मी..."

"तर मी काय?"

"उरलेलं उद्या," भागाजी म्हणाला.

यमुना रागावली. मग विनवू लागली. मग लाडू दिला. भागाजीने लाडू खाल्ला, पण बधला नाही. शेवटी ती पिठाच्या हातांनीच पलीकडे धावली. द्वारका काखेत पोळपाट घेऊन दारातच उभी होती. दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि या वेळी कांदा नव्हता. दिवेलागणीच्या आत पाच किलोचे पापड झाले. भागाजीला दोघींनी शहाणा म्हटलं. त्याला असं कुणी म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी द्वारकेकडचे पापड. गल्लीतल्या बायकाही आल्या होत्या. उकडत होतं, पण पीठ वाळू नये म्हणून पंखा बंद होता. हसणं-खिदळणं चाललं होतं. कालच्याच वेळेला भागाजी आला आणि मधोमध उभा राहिला. काम अर्धवट टाकणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"तर वहिनी काल म्हणाल्या, यमुनेने नुसती हाक मारली तर मी धावत जाईन. तिच्या पापडात मीठ ओंजळीने असतं, बारा वर्षं मी ते पाण्याबरोबर गिळतेय. पण करता काय, जीव जडलाय तिच्यावर."

सगळी लाटणी थांबली. यमुना द्वारकेकडे बघू लागली. द्वारका पोळपाटाकडे बघू लागली. भागाजीने यमुनेचा चेहरा उजवीकडून, डावीकडून, समोरून पाहिला. मग द्वारकेचा पाहिला. तरी त्याला काहीतरी कमी वाटलं. मालिकेत अशा वेळी वारा सुटतो.

त्याने पंखा पाचावर लावला.

पदर उडाले. पापड उडाले. परातीतलं पीठ बघता बघता कडक झालं.

"आता कसं मालिकेसारखं दिसतंय," भागाजी म्हणाला.

यमुना आणि द्वारका एकदम उठल्या. लाटणी हातात होतीच. त्या दिवशी अबोला धरायला दोघींनाही वेळ मिळाला नाही.