धवलसेन राजा आणि वठलेला फणस

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. स्वच्छतेचं त्याला भारी वेड! चैत्र लागायच्या आत राज्यातलं प्रत्येक कुजकं झाड तोडून जाळायचं आणि पहिली कुऱ्हाड राजानं घालायची, अशी तिथली रीत.

एका वर्षी त्यानं वठलेला फणस जाळला. आतून होरपळलेली यक्षिणी बाहेर आली. म्हणाली, “राजा, माझं घर जाळलंस. तुझ्या लेकीच्या अंगात रोगाशी लढणारे पहारेकरी आपलं-परकं विसरतील!”

झालंही तसंच. राजकन्या रेणुमतीच्या अंगातले पहारेकरी रोगाच्या चोराला सोडून घरच्यांवरच तुटून पडले. सांधे सुजले, गळ्याशी गाठ वाढू लागली. सगळ्या वैद्यांनी हात टेकले. एकुलती एक लेक! राजा रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून राहिला.

तेव्हा खिडकीत सुतारपक्षी येऊन बसला. “राजा, माझंही घर तूच जाळलंस. पण पोरीचा काय दोष? उत्तरेच्या रानात एकच वठलेला फणस उरलाय. तिथं पायी जा. त्याला स्वतःच्या हातानं पाणी घाल. खोडावर अळंबी उगवतील, तेच तिचं औषध. त्यातलं पहिलं तोडू नकोस.”

राजा अनवाणी निघाला. पायांना फोड आले. कुजक्या लाकडाचा वास सोसत रोज घागरी भरभरून त्यानं पाणी घातलं. एकविसाव्या दिवशी खोडावर तांबूस अळंबं उगवलं. नेमका तेव्हाच दूत धावत आला. “महाराज, राजकन्या डोळे उघडत नाहीत!”

राजाचा हात अळंब्याकडे गेला.

“थांब,” वरच्या फांदीवरून सुतारपक्षी म्हणाला. “याचंच बीज रानभर पसरायचंय. हे नेलंस, तर दुसऱ्यांच्या लेकींनी काय करावं?”

“अरे, माझी पोर चाललीय रे!” राजा ढसाढसा रडला. रडता रडताच त्यानं हात मागे घेतला.

सकाळी पाहतो तो काय, सगळं खोड अळंब्यांनी भरलेलं! राजानं एकच घेतलं, धावत राजवाडा गाठला, सहाणेवर उगाळून लेकीच्या ओठांना लावलं. आतले पहारेकरी भानावर आले. त्यांनी घरची माणसं ओळखली, चोराला घेरलं. सातव्या दिवशी गाठ विरली. रेणुमती म्हणाली, “बाबा, भूक लागली.”

पुढच्या चैत्राआधी लोक कुऱ्हाडी घेऊन जमले. राजानं राजवाड्यामागच्या नुकत्याच वठलेल्या झाडाला हळदकुंकू वाहिलं आणि सगळ्यांना घरी धाडलं. त्या झाडात आता यक्षिणी राहते, वरच्या ढोलीत सुतारपक्षी. पहाटेपासून त्याची टकटक सुरू होते, राजाची झोप मोडते; मग राजा उठतो आणि झाडाला घागरभर पाणी घालतो.