खापरी आळीची बाग

विषय : राजधानीतील खापरी आळी पाडून तिथे शाही बाग करण्याबाबत.
संदर्भ : महाराजांची गच्चीवरून पडलेली नजर, आषाढ शुद्ध तृतीया, न्याहारी चालू असताना.

उपरोक्त विषयी हकिकत अशी. राजे गजशेखर गच्चीत थालीपीठ खात बसले होते. समोर कुंभारांची खापरी आळी दिसत होती. चाळीस घरं, चाळीस वाकडी छपरं, भट्ट्यांचा धूर आणि एका छपरावर उभी राहून महाराजांच्या थालीपिठाकडे रोखून बघणारी शेळी! महाराजांना ठसका लागला.

"दिवाणजी! ही आळी पाडा! तिथं बाग करा!"

"जी सरकार," दिवाण त्र्यंबकपंत म्हणाले. बागेच्या कोपऱ्यात आपलीही एक हवेली बसेल, एवढं मात्र त्यांनी मनातच ठेवलं. लगेच दवंडी पिटली गेली. गजशेखरांनी दिलेला हुकूम आजवर कधी मागे घेतला नव्हता. चुकीचा असला तर मुळीच नाही.

दवंडी ऐकून लिंबा कुंभाराची लेक धुरपी चाकावरून उठली आणि चिखलाच्या हातांनीच दरबारात उभी राहिली.

"महाराज, बागच हवी ना? ती आम्ही करतो. घरं तेवढी राहू द्या."

"चाळीस घरांच्या दाटीत बाग? लावणार कुठं, चुलीत?"

दरबार हसला. दरबार हसला की महाराजांना अटी सुचत.

"ठीक आहे! दसऱ्याला मी गच्चीवरून बघेन. छपरं दिसता कामा नयेत, बाग दिसली पाहिजे. जमीन सरकारी आहे, तीत एक खड्डा खणायचा नाही. आणि दारोदार फुलं हवीत, पण कधीच न कोमेजणारी! नाहीतर आळी साफ!"

"आणखी काही?"

महाराज गडबडले. "नाही... इतकंच."

"मग येते," धुरपी म्हणाली आणि निघाली.

घरी लिंबाने कपाळाला हात लावला. "पोरी, खड्ड्याशिवाय झाड कसं लागणार?"

"आबा, आपल्या घरामागं काय आहे?"

लिंबा लाजला. प्रत्येक भट्टीतून काही मडकी चिरकी निघतात, काही रांजण तडकतात. कुंभार असला माल घरामागे लपवतो आणि सोयरे आले की त्यावर घोंगडं टाकतो. चाळीस घरांमागे तीन पिढ्यांची लाज साठली होती.

धुरपीने घोंगडी ओढली. चिरका माल दारोदार ओट्यांवर मांडला, त्यात चाकावरची उरलेली माती आणि शेळ्यांच्या लेंड्या भरल्या, भोपळा, दोडका, घेवडा आणि गोकर्ण पेरली.

"अगं, पण चिरलेलं मडकं!" लिंबा हळहळला.

"चिरलेलंच हवं, आबा. पाणी साचत नाही, मुळं कुजत नाहीत. तुमचं चांगलं मडकं इथं काही कामाचं नाही!"

मग ती राही गोंदणकरणीकडे गेली. "मावशी, तुम्ही हातावर गोंदलेलं फूल कोमेजतं का?"

"माझं गोंदण?" राही उसळली. "माणूस सरणावर चढतो, फूल टवटवीत असतं!"

"मग आता भिंती गोंदा!"

राहीने काव, चुना आणि काजळी कालवली. एका दारावर कमळ उमललं, तर शेजारणीला दोन हवी झाली. बघता बघता सगळ्या आळीला चित्रांचं वेड लागलं. एका आजोबांनी ओसरीवर डुलकी घेतली. उठून बघतात तो टकलावर मोगरा! भाद्रपदात वेली छपरांवर चढल्या. शेळीला छपरावर बंदी झाली, तेव्हा ती रुसून दिवाणांच्या अंगणात राहायला गेली.

दसरा उजाडला. महाराज गच्चीत आले आणि ओरडले, "आळी गेली कुठं?"

समोर हिरवागार मळा हेलकावत होता, त्यात पिवळी फुलं आणि ढेरपोटे भोपळे! महाराज धावतच खाली उतरले. आळीत शिरून त्यांनी एका भिंतीवरचा मोगरा वाकून हुंगला. शाही नाकाला चुना लागला. पुसायची कोणाची हिंमत!

"सरकार, ही फसवणूक आहे!" दिवाण पुढे झाले. "वेलींखाली घरं आहेत तशीच आहेत. पाडायचा हुकूम कायम आहे!"

"पाडा की," धुरपी म्हणाली. "पण आधी वेली तोडाव्या लागतील. राजधानीत हिरवी फांदी तोडायची तर बागखात्याचा परवाना लागतो. हुकूम महाराजांचाच आहे. आणि दिवाणजी, तुमच्या चिंचेचं काय झालं?"

दिवाणांचा चेहरा पडला. त्यांच्या चिंचेची गोष्ट शहरभर ठाऊक होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी अर्ज दिला, तेव्हा फांदी खिडकीबाहेर होती. आता ती पलंगाच्या उशाशी आली होती.

"अजून परवाना नाही?" महाराजांनी विचारलं.

"चौकशी चालू आहे, सरकार..."

"तुम्हाला अकरा वर्षं, तर आम्हा कुंभारांना किती?" धुरपी म्हणाली. "आणि आमची एक वेल वाळायच्या आत दुसरी चढलेली असते!"

महाराज हसू लागले. इतके हसले की आधारासाठी रांजण धरावा लागला, आणि वरून एक भोपळा सुटून थेट दिवाणांच्या ओंजळीत पडला. महाराज खालीच बसले!

"मुली, जिंकलीस! हुकूम मी मागे घेत नाही, माझा शब्द आहे. पण परवान्याशिवाय इथल्या पानाला कोणी हात लावायचा नाही! हे घे सोन्याचे तोडे. आणि आजपासून बागखातं तुझ्याकडे. परवाने तूच द्यायचे!"

सबब, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी दिवाणांनी बागखात्यात दोन अर्ज दाखल केले : एक, चिंचेची फांदी तोडण्याबाबत, दोन, खापरी आळीतील वेली काढण्याबाबत.

पहिला अर्ज धुरपीने त्याच दिवशी मंजूर केला.

दुसरा प्रलंबित आहे.